तोंडावरची थकबाकी

महाराष्ट्रीय घरात न धुतली जाणारी वस्तू शोधायची म्हणजे भर दुपारी कंदील घेऊन हिंडावं लागेल. देवाची उपकरणी चिंचेनं घासतात. पाटल्या रिठ्याच्या पाण्यात बुडवतात. कोथिंबीर तीन पाण्यांतून काढतात. पायपुसणं दर रविवारी गच्चीच्या कठड्यावर आपटून आपटून बडवतात. नवरा बाहेरून आला की त्याला आधी हातपाय धुवायला पिटाळतात आणि मग तो आपलाच आहे का ते बघतात. धुण्याच्या वेडानं पछाडलेल्या अशा या घरात एक वस्तू मात्र अशी आहे, की विकत आणल्या दिवसापासून तिला पाण्याचा थेंब लागलेला नाही. आणि ही वस्तू रोज फिरते कुठं, तर तोंडावरून! आम्ही मेकपच्या ब्रशाबद्दल बोलतो आहोत.

"हा काय पुरुषानं लिहायचा विषय आहे?" असं कुणी म्हणेल. जरूर म्हणावं. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून, वय पंचेचाळीस. आमच्या स्वतःच्या चेहऱ्यावर घामोळ्याच्या पावडरीखेरीज काही चढलेलं नाही, आणि चढवलं तरी फरक पडेल असं घरात कुणाला वाटत नाही. पण घरात बायको आहे, कॉलेजात जाणारी मुलगी आहे आणि बऱ्यापैकी उजेडाचा आरसा एकच आहे. एवढ्या भांडवलावर माणूस मेकपचा तज्ज्ञ होत नसला, तरी साक्षीदार होतोच. शिवाय हा प्रश्न सौंदर्याचा नाहीच मुळी. हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि हिशेब हा आमचा पोटापाण्याचा धंदा आहे.

हिशेब असा. ब्रश सकाळी गालावरून फिरतो. देतो काय? चिमूटभर रंग. घेतो काय? चेहऱ्यावरचं तेल, घाम, कातडीचे मेलेले कण, कालची पावडर, परवाचं फाउंडेशन आणि या सगळ्या गोतावळ्यावर पोसणारे जंतू. म्हणजे रोज भरणा, काढणं शून्य. आमच्या बँकेत सात टक्क्यांनी ठेव ठेवली तर ती दुप्पट व्हायला दहा वर्षं लागतात आणि तेवढ्या काळात ठेवीदार चारदा येऊन "काही वाढवून देता का हो?" असं विचारून जातो. जंतूंचं तसं नाही. ओल, ऊब आणि खायला काहीबाही मिळालं, की त्यांतले काही वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. ना फॉर्म, ना सही, ना पासबुक. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही सगळी रक्कम चक्रवाढ व्याजासकट त्याच गालावर परत केली जाते. इतकी तत्पर सेवा आमच्या कुठल्याही शाखेत मिळत नाही, हे आम्ही छातीठोकपणे सांगतो.

ही कारकुनी कल्पना समजू नका. इंग्लंडात बर्मिंगहॅमला ॲस्टन विद्यापीठ आहे. तिथल्या संशोधकांनी लोकांच्या वापरातली ४६७ प्रसाधनं गोळा केली. लिपस्टिक, लिपग्लॉस, आयलायनर, मस्कारा आणि फाउंडेशन थापायचे ते अंड्याच्या आकाराचे स्पंज. २०१९ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. दहांपैकी आठ-नऊ वस्तूंत जंतू निघाले. पहिला नंबर स्पंजांचा. त्यांपैकी ९३ टक्के जन्मात कधी धुतलेले नव्हते, आणि ६४ टक्के जमिनीवर पडून, फुंकर मारून, पुन्हा तोंडाला लागलेले होते. (फुंकर आमच्या पदरची. पण मारलीच असणार. ती आंतरराष्ट्रीय सवय आहे.) ब्रश काही त्या यादीत नव्हते. पण स्पंज आणि ब्रश ही सख्खी भावंडं. एकाच घरात वाढलेली, एकाच डब्यात झोपणारी, एकाच फाउंडेशनवर पोसलेली. एकाचा निकाल असा लागल्यावर दुसऱ्याचं प्रगतिपुस्तक उघडून बघायला फारशी हिंमत लागत नाही.

एवढं सांगूनही ब्रश धुतला जात नाही. का, तर त्याविरुद्ध घराघरांत पाचएक मुद्दे तयार असतात. ते आम्ही आजवर निमूटपणे ऐकले. आता उत्तरं देतो.

पहिला मुद्दा, "माझाच चेहरा, माझाच ब्रश. त्यात घाण कसली?" युक्तिवाद बिनतोड आहे. याच न्यायानं पायमोजेही आपलेच असतात, पायही आपलेच असतात. ते दिवाळीपासून होळीपर्यंत न धुता घालून बघा. घरातले लोक तुमच्या मालकी हक्काचा किती मान ठेवतात ते कळेल. चेहऱ्यावर जंतू असतातच, त्यांना तिथं राहायचा परवाना आहे. पण तेलकट केसांच्या जुडग्यात त्यांची वसाहत वाढवायची आणि मग ती एका पुटकुळीवरून उचलून सगळ्या गालभर वाटत सुटायची, हा परवाना त्यांना कुणी दिला? चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या की घरात "उष्णता झाली" म्हणून सब्जा भिजतो, गुलकंद येतो, आंबा बंद होतो. आंब्याची बिचाऱ्याची काही चूक नसते. खरा आरोपी आरशासमोरच्या पेल्यात ऐटीत उभा असतो. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी सांगते, की ब्रश दर ७ ते १० दिवसांनी धुवावेत. आमच्याकडे दर ७ ते १० दिवसांनी फक्त ब्रश हरवतो.

दुसरा मुद्दा जास्त घातक, कारण तो प्रेमातून येतो. "आपल्याआपल्यांत काय परकं?" या एका वाक्यावर आमच्या मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात एक ब्रश अकरा जणींच्या पापण्यांवरून फिरला. नवरी मुलगी, तिच्या मैत्रिणी, दोन माम्या, तीन मावसबहिणी आणि केवळ हौस म्हणून एक आजेसासूबाई. त्या मावसबहिणींपैकी धाकटीचा डोळा आदल्या रात्रीपासून लाल होता. "धूळ गेली असेल," म्हणून तिलाही रांगेत बसवलं. तिसऱ्या दिवशी चौघींचे डोळे आले, आणि त्या चौघींत नवरी मुलगी होती. लग्नाला बारा दिवस उरलेले. डोळे सुजलेले, उजेड सहन होईना, पोर उशीत तोंड खुपसून रडते आहे, आणि बाहेर खलबत चाललं आहे की दृष्ट नक्की कुणाची लागली!

आमच्या पत्नीच्या आत्या या विषयातल्या अधिकारी. त्यांनी सात मिरच्या, मूठभर मीठ आणि मोहऱ्या ओवाळून गॅसवर टाकल्या. जे डोळे आले नव्हते त्यांतूनही पाणी आलं. आम्ही म्हणालो, "आत्या, दृष्ट काढलीत ते बरं केलंत, पण तो ब्रश कुणी धुतला का?"

"जावईबापू," आत्या म्हणाल्या, "तुम्ही बँकेतले. तुम्हाला यातलं काय कळतंय?"

डोळ्यांच्या डॉक्टरांना मात्र कळलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दृष्टीचा नाही, काजळाचा. कुणाकुणाला लावलं, कशानं लावलं, ते सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, की डोळ्यांना लागलेलं काजळ-मस्कारा फेकून द्या, बाकीचे ब्रश धुवा आणि डोळे पूर्ण बरे होईपर्यंत डोळ्यांना काही लावू नका. लग्न लागलं. सगळं व्यवस्थित झालं. पण त्या मुलीचे ते आठ-दहा दिवस कुणी भरून दिले? मिरच्यांचा खर्च निघाला, साबणाचा निघाला नाही, एवढंच आम्ही नोंदवून ठेवतो.

हाच प्रकार हौशी नाटकांच्या रंगपटात चालतो. आमच्या बँक कर्मचाऱ्यांच्या नाट्यस्पर्धेत राजापासून द्वारपालापर्यंत एकच ब्रश फिरतो. रंगमंचावर उच्चनीच कडकपणे पाळलं जातं. खरी समता नांदते ती ब्रशात. पुटकुळी द्वारपालाची, ती अंकाच्या शेवटी राजाकडे. प्रेमाच्या नात्यात वाटायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पुरणपोळी वाटा, सुखदुःख वाटा, नाइलाज झाला तर मालमत्ता वाटा. ब्रश वाटू नका.

तिसरा मुद्दा, "वेळ कुठाय?" हा मुद्दा मांडणारी व्यक्ती भुवई कोरण्यात बावीस मिनिटं घालवते, हे आम्ही बाहेर पंचवीस मिनिटं ताटकळून मोजलेलं आहे. सहा ब्रश धुवायला दहा मिनिटं लागतात. कृती ऐका, अगदी थालीपिठापेक्षा सोपी आहे.

पाणी कोमट घ्यायचं. ब्रशाचं तोंड खाली धरून फक्त केस ओले करायचे. केस आणि दांडा यांना जोडणारी जी पत्र्याची नळी असते, तिच्या पोटात चिकट डिंकासारखा पदार्थ भरून केस पक्के बसवलेले असतात. तिथं पाणी मुरलं की तो सुटतो, केस गळायला लागतात आणि दांडा म्हाताऱ्याच्या दातासारखा डुगडुगतो. म्हणून ब्रश पेल्यात भिजत घालायचा नाही. तो काही साबुदाणा नाही. तळहातावर सौम्य शाम्पूचा थेंब घ्यावा, तान्ह्या मुलांचा असला तर उत्तम. त्यात ब्रश हलक्या हातानं गोल गोल फिरवावा. पहिल्या खेपेला जो रंग बाहेर पडतो तो पाहून घरातल्या माणसांनी धीर सोडू नये. तळहातावर पंचगंगेचा पूर आल्यासारखं दिसतं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवावं. मग टॉवेलात धरून अलगद दाबावं. पिळू नये, ब्रश म्हणजे लंगोट नव्हे. बोटांनी केसांना मूळचा आकार द्यावा.

आता खरी परीक्षा वाळवण्याची. इथं भले भले आडवे होतात, ब्रश मात्र उभाच राहतो! धुतला की लगेच पेल्यात, केस वर करून, गुलदस्त्यासारखा. मग सगळं पाणी न्यूटनच्या नियमानं खाली उतरून त्याच पत्र्याच्या नळीत साठतं. ब्रश आडवा ठेवावा, टेबलाच्या काठावर, केस काठाबाहेर काढून, म्हणजे चारी बाजूंनी वारा लागतो. किंवा दोरीला चिमट्यानं उलटा टांगावा. कडक उन्हात टाकू नये, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारू नये. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी "जंतू मरायला हवेत" म्हणून दुधाच्या पातेल्यात ब्रश उकळले. जंतूंचं काय झालं ते समजलं नाही. ब्रशाचे केस एकीकडे, दांडे दुसरीकडे आणि काका तिसरीकडे, अशी फाळणी मात्र झाली. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत, ब्रश सकाळी धुवावा आणि पंख्याखाली दिवसभर वाळू द्यावा. ओलसर ब्रश डब्यात कोंडला तर त्याच्यावर लोणच्यासारखी बुरशी येते, आणि लोणचं निदान चवीला तरी असतं.

एक बारीक गोष्ट. ब्रश नायलॉनसारख्या कृत्रिम धाग्यांचा असतो, नाहीतर शेळी, खार असल्या प्राण्यांच्या केसांचा. शेळीचे केस हेही शेवटी केसच. आपल्या केसांना जे चालत नाही ते शेळीलाही चालत नाही. भांडी घासायचं द्रव साबण लावून ते खरबरीत करू नयेत. कृत्रिम धाग्याच्या ब्रशाला, त्यातून तेलकट फाउंडेशन लावायच्या, त्याचा एखादा थेंब खपून जातो. स्पंज साबणाच्या पाण्यात दाबून दाबून धुवावा आणि दर तीनेक महिन्यांनी त्याला सन्मानानं निवृत्त करावं. स्पंजाला मुदतवाढ देऊ नये. ती फक्त वरिष्ठ अधिकाऱ्यांना शोभते.

चौथा मुद्दा दुकानदाराचा. "साहेब, साधा साबण? ब्रशाला खास लिक्विड लागतं." असं म्हणून त्यानं अत्तराच्या कुपीएवढी बाटली पुढं केली. किंमत ऐकून आम्हाला वाटलं, आत शेळीच असावी. बारीक अक्षर वाचायची आम्हाला खात्यातून सवय. बाटलीच्या पाठीवर घटकांच्या यादीत पहिलं नाव पाण्याचं होतं आणि दुसरं फेस आणणाऱ्या साबणी द्रव्याचं. म्हणजे न्हाणीघरात जे दोन जिन्नस आधीच हजर होते त्यांची वेष्टनासह फेरविक्री. शेजारी बॅटरीवर ब्रश गरगर फिरवणारं यंत्रही होतं. तळहात जे काम फुकट करतो त्यासाठी तीन सेल! आमचं या मंडळींशी भांडण एवढंच, की स्वच्छता ही श्रीमंती चैन आहे असा समज ते पसरवतात. त्यामुळे ज्या मुलीला ती बाटली परवडत नाही ती धुणंच रद्द करते. अहो, अंघोळीला केशर-चंदन लागतं असं सांगितलं असतं तर निम्मं गाव अंघोळीवाचून राहिलं असतं. मद्यार्काचा फवारा मारून काम भागतं असंही एक मत आहे. घाईच्या वेळी फवारा ठीक, पण आधी केसांतलं तेल आणि रंग धुऊन निघाला पाहिजे. नाहीतर न झाडलेल्या जमिनीवर फिनेल शिंपडल्यासारखं होतं.

पाचवा मुद्दा खुद्द पुरुषांचा. तो मुद्दा नसतो, हसू असतं. आमच्या शाखेतले हेडकॅशियर हा विषय काढला की गालातल्या गालात हसतात. "बायकी भानगडी!" त्यांच्या गालांवर रोज सकाळी दाढीचा जो ब्रश फिरतो, त्याचं वय त्यांच्या थोरल्या चिरंजीवांएवढं आहे. त्यांना आम्ही पहिल्या महायुद्धाची हकिकत सांगितली. १९१४ ते १९१८ च्या त्या लढाईत ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यांत काही सैनिकांना चेहऱ्यावर आणि मानेवर काळपुळी झाली, तीच ती जनावरांची अँथ्रॅक्स. गोळी शत्रूची नव्हती. नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचे स्वस्त दाढीचे ब्रश त्यांच्या हाती आले होते. म्हणजे खंदकात तोफेच्या तोंडून वाचलेला गडी आरशासमोर ब्रशाच्या तोंडी गेला. घरच्या ब्रशात काही काळपुळी बसलेली नसते, उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. पण ब्रश ही हसण्यावारी न्यायची वस्तू नव्हे, एवढं हेडकॅशियरांना पटलं. ते म्हणाले, "तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे." आणि जिभेला बोट लावून नोटा मोजू लागले. ओला स्पंज शेजारीच होता!

या नोटांवरून आठवलं. रिझर्व्ह बँकेनं १९९९ साली स्वच्छ नोट धोरण जाहीर केलं. पुडक्यांना स्टेपल मारू नका, कागदी पट्टी बांधा, मळक्या नोटा बाजूला काढा, गिऱ्हाइकाला चांगल्या द्या. हजार हातांतून फिरणाऱ्या कागदाच्या तुकड्याला या देशात धोरण आहे. एकाच चेहऱ्यावरून, डोळ्यापासून अर्ध्या बोटाच्या अंतरावरून रोज फिरणाऱ्या ब्रशाला काहीच नाही. नोट मळली तर बँक बदलून देते. चेहऱ्याच्या बाबतीत ती सोय अद्याप कुठल्याही खिडकीवर सुरू झालेली नाही.

ब्रशाला मान देणारी माणसं जगात नाहीत असं नाही. जपानात हिरोशिमा प्रांतात कुमानो नावाचं गाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या ब्रश करणारं. आधी लिहिण्याचे कुंचले, मग मेकपचेही. २०११ साली जपानच्या महिला फुटबॉल संघानं विश्वचषक जिंकला तेव्हा सरकारनं सन्मानासोबत खेळाडूंना कुमानोचे मेकपचे ब्रश भेट दिले. याच गावात दर वर्षी शरद-संपाताच्या दिवशी ब्रशांचा उत्सव भरतो आणि झिजलेल्या ब्रशांचे आभार मानून त्यांना विधिपूर्वक अग्नी देतात. आमच्याकडे झिजलेल्या ब्रशानं आधी शिलाई मशीन झाडतात, मग कंगवा साफ करतात, आणि एके दिवशी तो पुन्हा मेकपच्या डब्यात सापडतो.

वास्तविक हत्यारांचे उपकार मानायला आम्हाला जपानकडून शिकायला नको. खंडेनवमी आमचीच. त्या दिवशी सुतार करवत पुजतो, रिक्षावाला रिक्षाला हार घालतो, आमच्या शाखेत काँप्युटरच्या माथ्यावर झेंडूचं फूल चढतं आणि स्टेपलरलासुद्धा हळदकुंकू लागतं. घरातल्या लेकीसुनांचं हे रोजचं हत्यार मात्र कोपऱ्यातल्या पेल्यात, तेलात माखलेलं, उपाशी उभं असतं. तेव्हा मायबहिणींनो, आणि दाढीचा ब्रश बाळगणाऱ्या बंधूंनो, येत्या खंडेनवमीची वाट बघू नका, येता रविवार धरा. हार नको, फूल नको. हळद तर मुळीच नको, शेळीच्या केसांतून तिचा डाग जन्मात निघायचा नाही. कोमट पाणी, शाम्पूचा थेंब आणि दहा मिनिटं. पूजा मागाहून सवडीनं करा. पूजेआधी अंघोळ, हा नियम देवांनासुद्धा चुकलेला नाही.